फुलांचे हजेरीबाबू

"दाराशी कुठलं झाड लावू?" असं कुणालाही विचारा. कुणी ऊन किती ते विचारील, कुणी पाणी, कुणी माती. आमच्या वाडीतले सखानाना एवढंच विचारतात, "तुजी रजा किती?"

मला पहिल्यांदा वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. म्हणून मी आवाज चढवून म्हटलं, "नाना, झाड. फुलझाड विचारतोय मी." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मांडीवरची वही उघडली आणि शांतपणे म्हणाले, "बोंबलू नको, दिन्या. झाडाचं मागनं बघू. तू येणार कधी, ते सांग."

पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळानं डाव्या हाताला एक चढ लागतो. चढ संपला की आमची वाडी. घरं तीसेक, त्यातल्या दहा-बारा घरांत चूल पेटते, बाकीच्यांना कुलपं. कुलपांचे मालक मुंबईला. कुणी गणपतीला येतो, कुणी शिमग्याला, कुणी मे महिन्यात पोरांना घेऊन. या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या सखानानांच्या पडवीत भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असतात, आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूनं नाव. किल्ली दिली की अंगणही आपोआप नानांच्या ताब्यात जातं. मग त्या अंगणात काय लावायचं हे मालक ठरवत नाही.

नाना तीस वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात हजेरीबाबू होते. कोण आला, कोण नाही आला, कोण उशिरा आला, कुणी आजीला मारून रजा घेतली, सगळं त्यांच्या वहीत. "मानसाला आज्या दोन," ते सांगतात. "मी एकाच्या सात मेलेल्या बघितल्यात. रजेच्या बाबतीत मानूस देवाशी पण खोटं बोलतो." निवृत्त होऊन वाडीत आले तर इथे हजेरी घ्यायला माणसंच नाहीत. दोन महिने बेचैन होते म्हणतात. मग त्यांनी झाडांची हजेरी सुरू केली.

रोज सकाळी चहा झाला की वही काखेत मारून ते वाडीभर फिरतात. बंद घरांच्या अंगणात उभे राहून मोठ्यानं म्हणतात, "गोकर्ण, हजर. कण्हेर, हजर. अबोली, गैरहजर. काय गो, बरं नाय का तुला?" नवीन माणूस रस्त्यानं जात असेल तर थबकतो. वाडीतलं कुणी थबकत नाही.

त्यांचं म्हणणं मात्र साधं आहे. शोभेचं झाड लावायचं तर शोभा बघायला माणूस पाहिजे. ज्या घरचे लोक गणपतीला पाच दिवस येतात, त्यांच्या दारात वैशाखात मोगरा फुलला तर तो कुणासाठी, कुलपासाठी? म्हणून गणपतीवाल्यांना प्राजक्त, गोकर्ण आणि तेरडा. शिमग्याच्या पालखीला येणाऱ्यांना पांगारा आणि बोगनवेल. मे महिन्यावाल्यांना मोगरा, आणि परसात जागा असेल तर तामण. कुणी नर्सरीतून स्वतःच्या आवडीचं काही आणलंच, तर नाना त्याच्याभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, "नामंजूर."

झाडांच्या ओळखीही त्यांनी कारखान्यातल्याच ठेवल्या आहेत. गुलबक्षी संध्याकाळी उमलते, ती सेकंड शिफ्टची. रातराणी नाइटची. प्राजक्त नाइट करून पहाटे सुटतो आणि घरी न जाता तिथंच पसरतो. बोगनवेल युनियनवाली, पाणी तोडलं की पेटते. आणि वर्षभर मातीत दडून मे महिन्यात आठ दिवस लाल चेंडू काढणारा तो कंद असतो ना, मे फ्लॉवर, त्याला ते साहेब म्हणतात. "आठ दिवस कामावर, बाकी वर्ष रजेवर. पन आला की सगळे बघायला जमतात."

डोंबिवलीचा वसंता एका वर्षी गणपतीऐवजी दिवाळीला आला. अंगणात वाळलेल्या तेरड्याच्या काड्या. तो नानांवर तणतणला, "हे काय लावलंय? एक फूल नाही दारात." नानांनी वही उघडून त्याला दाखवली. "तुजी रजा भाद्रपदातली. बदलायची व्हती तर आगाऊ अर्ज द्यायचास. झाडाला कळवाय नको?" वसंतानं पुढच्या वर्षी खरंच पोस्टकार्ड टाकलं. नानांनी ते वहीत डकवून ठेवलंय.

नानांचा वाडीतला सगळ्यात मोठा पराक्रम तेरड्याचा. मी तेव्हा इथे नव्हतो, पण ऐकलाय इतक्यांदा की पाहिल्यासारखा वाटतो. आमच्याकडे गौर तेरड्याची. मागे अधिक महिना आला आणि गणपती पुढे ढकलले गेले. देव चंद्रावर चालतात, तेरडा पावसापाण्यावर. त्याला पंचांग कळत नाही. गौर येईपर्यंत सगळा फुलून झडणार, हे नानांनी आषाढातच ओळखलं आणि वाडीतल्या सगळ्या अंगणांतल्या तेरड्याचे शेंडे दर आठवड्याला खुडत बसले. लोक हसले. पण गौरीच्या दिवशी आसपासच्या वाड्यांत नुसत्या बोंडांच्या गौरी आणि आमच्याकडे गुलाबी फुलांच्या. "हे कुठं शिकलात नाना?" असं विचारलं की ते पेन्सिल कानावर ठेवून विषय बदलतात.

आता माझं. मी बिरवाडीला खोली घेऊन राहतो, महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करतो. दोन वर्षांपूर्वी वाडीतलं पडकं घर पाडून नवं बांधलं. माझी बायको सुजाता महाड शहरातली. तिला अंगणात बाग हवी होती आणि मला बागेत खुर्ची टाकून बसलेला मी हवा होतो. आम्ही हायवेच्या कडेच्या नर्सरीतून टेम्पो भरून झाडं आणली. दोन बाटलीपाम, सहा क्रोटन, आणि गालिच्यासारखी गुंडाळलेली हिरवळ.

टेम्पो उतरवत असतानाच नाना आले. पामला हात लावून म्हणाले, "ह्यो काय करतो?"

"शोभा देतो," मी म्हटलं.

"फुलतो कधी?"

"फुलांसाठी नसतो तो."

"म्हंजे पगार घेतो आन् काम करत नाय." मग हिरवळीकडे वळले. "हिला रोज पानी लागनार. तू येणार कधी, ते सांग."

तेव्हा मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मी छाती फुगवून म्हटलं, "दर गुरुवारी. गुरुवारी सुट्टी असते मला. बिरवाडी काय, गाडीवर तासाचा रस्ता." नाना माझ्याकडे बघत राहिले. हजेरीबाबू लोकांची एक नजर असते, आमच्या कारखान्याच्या फाटकावरच्या माणसाचीही तशीच आहे. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी तगरीची एक फांदी खोचून गेले.

मला तगरीचं काही वाटलं नाही. पांढरं फूल, बरं दिसतं. पण वाडीत जो तो माझ्याकडे बघून हसू दाबायला लागला. शेवटी शेजारच्या काकींनी सांगितलं, "अरे, नाना तगर भरवसा नसलेल्याला देतात." खरंच होतं. जो मतदानाला येतो नाहीतर मयताला येतो, त्याच्या दारात नानांनी तगर लावलेली. मी तडक नानांकडे गेलो. ते गाय बांधत होते आणि वही पडवीत उघडी होती. एका बाजूला झाडाचं नाव, दुसऱ्या बाजूला मालकाच्या येण्याचे दिवस. माझ्या नावापुढच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तगर. भरवसा नाय.'

"नाना, हा अपमान आहे," मी म्हटलं.

"कसला अपमान? तगरीला बारा म्हयने चार फुलं असतात. तू कधी पन ये, हजर. नाय आलास तरी ती रागावत नाय. मोगरा रागावतो."

मी मनात म्हटलं, दाखवतोच म्हाताऱ्याला. पहिल्या महिन्यात चारही गुरुवार गेलो. दुसऱ्यात दोन. मग ओव्हरटाइम, मग पाऊस, मग सुजाताच्या माहेरी काहीतरी. पुढे पुढे महिन्यातून एखादी फेरी. हिरवळीवर गुरं चरली, पाम वानरांनी मुळासकट उपटले. क्रोटनचं काय झालं ते मला माहीत नाही. तगर तेवढी कमरेच्या वर गेली आणि मी कधीही गेलो की फुललेलीच असायची. मला तिचा रागच यायला लागला. टोमणा मारल्यासारखी उभी असायची दारात.

एका गोष्टीवरून मात्र सगळी वाडी नानांना चिडवायची. दुसऱ्यांना एकेक झाड मोजून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या अंगणात नुसतं रान होतं. मोगरा, बहावा, तामण, अनंत, सोनटक्का, कृष्णकमळ, प्राजक्त, झेंडू, शेवंती, कुंद, पांगारा. पाय ठेवायला जागा नाही. "आम्हाला रेशन आणि तुमच्याकडे गोदाम," वसंता म्हणायचा. नाना ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यातही एक गंमत होती. बारमाही फुलणारं झाड त्यांच्याकडे एकही नव्हतं. जास्वंद नाही, सदाफुली नाही, तगर तर नाहीच. गणपतीला जास्वंद हवी की ते स्वतः दुसऱ्यांच्या दारात जायचे.

आता या घरातली माणसं सांगायची तर नाना एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी, सुलू. शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं होती. ती भोरला दिली. वरंध घाट चढला आणि उतरला की भोर. मुंबईपेक्षा जवळ. पण मुंबईची माणसं वर्षातून दोनदा येतात आणि सुलू येते तीन वर्षांतून एकदा. याला कारण नानांची जीभ.

सुलूच्या लग्नाला मी होतो. वऱ्हाडाचा ट्रक वरंध घाटात बंद पडला. मुहूर्त टळला, अक्षता सुकल्या, भटजी दोनदा चहा प्याले. शेवटी घामानं निथळलेलं वऱ्हाड मांडवाच्या दारात आलं. व्याही पुढे झाले, आणि नानांनी हात जोडायच्या आधी घड्याळात बघितलं. "अडीच तास," ते मोठ्यानं म्हणाले. "अर्धा दिवस भरला."

मांडव हसला. व्याही हसले नाहीत. जाताना त्यांनी सांगितलं, "ज्या दारात पाहुण्यांची हजेरी लागते, तिथं आमची सून सणावाराला यायची नाही. धोंड्याचा मान जावयाचा आहे, तो तेवढा घेऊ." धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांनी येणारा. त्यात लेक-जावयाला बोलावून जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. व्याही पुढे वारले, पण घालून दिलेली रीत घरात राहिली. जावई येतो, जेवतो, वाण घेतो आणि संध्याकाळच्या आत घाट गाठतो. मधल्या तीन वर्षांत रविवारचा एक फोन. सुजातानं एकदा नानांना म्हटलं होतं, "विचारा ना ताईंना, कधी येताय म्हणून." नाना म्हणाले, "ते नको. ती हजेरी व्हते." सगळ्या वाडीला दिवसातून दहादा विचारायचा प्रश्न ते त्या एका माणसाला विचारत नव्हते.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला. मे महिन्यातली मुंबईची माणसं अजून वाडीत होती. सुजातानं ठरवलं, अधिकात सत्यनारायण चांगला, घर बांधल्यापासून मोठी पूजा झालेली नाही, करून टाकू. मी गुरुवारच्या सुट्टीला जोडून आधीचे तीन दिवस रजा टाकली. पूजेच्या तीन दिवस आधी नाना भिजवलेले तांदूळ घेऊन तिच्याकडे आले. "सुनबाई, मला अनारसे येत नाय. सुली येतेय. तू कर."

सुजातानं सगळं सोडून अनारसे केले. नाना समोर पाटावर बसून होते. "किती हजर?" ते दर पाच मिनिटांनी विचारत.

"तीस झाले नाना. तीन हसले." तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून पसरला की तो हसला म्हणतात.

"कामाच्या वेळी हसतात? काढ त्यांना भायेर. बदली घे."

जाताना त्यांनी सांगितलं नाही की सुलू नेमकी पूजेच्याच दिवशी येणार आहे. आम्हीही विचारलं नाही.

पूजेच्या सकाळी गुरुजींनी फुलं मागितली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण फुलं आणलीच नाहीत. सुजाता म्हणाली, "दारात तगर आहे ना." मी म्हटलं, "देवाला तगर? माझ्या घरी माझा अपमान मी देवापुढे ठेवू?" पाट्या घेतल्या आणि नानांच्या अंगणात गेलो. नाना नव्हते, पोलादपूरच्या स्टँडवर गेले होते. फाटक लोटलेलं होतं. आत अनंत पांढराशुभ्र फुललेला, मोगरा, उशिरा फुललेल्या तामणाचे जांभळे तुरे. मला वाटलं, एवढ्या रानातून दोन पाट्या गेल्या तर कुणाला कळणार आहे? मी दोन पाट्या भरल्या. फाटक उघडंच टाकून आलो. मला पाट्या नेताना बघून मुंबईच्या बायका आल्या आणि त्यांनी मोगरा खुडून गजरे केले. माझ्याच पूजेला माळून यायला. तासाभरात झाडांवर पानं राहिली.

सत्यनारायणाची कथा संपत आली होती तेव्हा चढावर वडापची जीप थांबली. ओट्यावरून मला नानांचं अंगण सरळ दिसतं. आधी जावई उतरला, मग सुलू. नानांनी तिची पिशवी हातात घेतली आणि घरात न जाता तिला थेट झाडांकडे नेलं. अनंतापाशी थांबले. एक फांदी उचलून बघितली, दुसरी उचलली. मोगऱ्यापाशी गेले. मग तामणाखाली उभे राहून वर बघत राहिले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. ते सुलूला एवढंच म्हणाले, "सगळी गैरहजर हायत गो."

हातात प्रसादाची वाटी होती, तशीच घेऊन मी धावत गेलो. "नाना, मी नेली. पूजेला. मला वाटलं एवढी आहेत—"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागून आलेल्या बायकांच्या अंबाड्यांकडे. प्रत्येकीच्या डोक्यात मोगरा होता. एकीनं हळूच पदर डोक्यावर घेतला. जावई बाजेवर बसून घड्याळ बघत म्हणाला, "चारच्या आत घाट गाठायचाय, मामा."

"असू दे नाना," सुलू म्हणाली. "फुलांचं काय एवढं?"

"तुला नाय कळायचं," नाना म्हणाले, आणि आमच्या घराकडे चालू लागले. मला वाटलं, आता पूजेच्या मांडवात येऊन माझी सालटी काढणार. ते मांडवात आलेच नाहीत. माझ्या दाराशी थांबले. तिथे तगर होती, पांढरीशुभ्र फुललेली. नानांच्या अंगणातली फुलं देवापुढे गेली होती आणि हिला कुणी हात लावला नव्हता, कारण मी लावू दिला नव्हता.

"परवानगी हाय ना?" नानांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी चार फुलं खुडली, देठाला देठ गुंफले आणि मागोमाग आलेल्या सुलूपुढे ती धरली. सुलूचे केस कडेनं पिकलेत. चष्मा आहे. तिनं पाठ फिरवून मान खाली घातली आणि नानांनी दोनदा चुकून तिसऱ्यांदा तिच्या वेणीत ती फुलं अडकवली.

"आता हजर," ते म्हणाले. जावईही त्या वेळी घड्याळात बघायचा थांबला होता.

जेवणं झाली. जावयानं वाण घेतलं, आणि अनारसा तोंडात टाकून सुजाताला म्हणाला, "झकास." बूट घालताना तो खाली वाकला तेव्हा सुलू फाटकापाशी उभी राहून अंगणाकडे बघत होती. "नाना, एवढी झाडं लावलीत, मग आपल्याकडे तगर का नाय?"

नाना पेन्सिल शोधत होते. कानावरच होती.

"लावा की," ती म्हणाली. "म्हंजे मी कधी पण आले तरी फूल असेल. महिना बघाय नको, कायच नको." हे ती नानांना सांगत होती, पण जरा मोठ्यानं. जावयानं बुटाची नाडी सोडून परत बांधली.

जीप उताराला लागेपर्यंत नाना रस्त्यात उभे होते. मी त्यांच्याशेजारी. माफी मागायची होती, पण सुरुवात सापडत नव्हती. तेच बोलले.

"मी भांडुपला व्हतो ना, तवा ती पत्र टाकायची. एकच ओळ. नाना, येणार कधी ते सांगा, मी फूल धरून ठेवते. मी तारीख कळवायचो. त्या तारखेला पोर डोक्यात फूल घालून चढावर उभी. ते तेरड्याचे शेंडे खुडायचं तिचंच. मी गनपतीला येनार म्हनून कळवायचो, आन् ही दोन म्हयने तेरडा अडवून बसायची." त्यांनी पायानं एक खडा रस्त्याच्या कडेला सारला. "कधी कधी मी रजा बदलायचो. ओव्हरटाइमपायी. कळवायचो नाय."

मग मला त्यांच्या रानाचा अर्थ लागला. अधिक महिना कधी श्रावणात पडतो, कधी आश्विनात, कधी ज्येष्ठात. त्याला वर्षात स्वतःची जागा नाही. म्हणून हा माणूस बाराही महिन्यांचं एकेक झाड लावून बसला होता.

"पण नाना," मी म्हटलं, "कुंद पौषातला. पौषात अधिक येत नाही म्हणतात."

"आला तर?"

मी म्हटलं, "एक तगर लावली असती तर एवढं करावं लागलं नसतं."

"तगर मी कुनाला देतो, तुला ठाव हाय ना? माज्या पोरीला लावू ती? लावली म्हंजे मानल्यासारखं झालं, का हिचा काय भरवसा नाय." मग ते नेहमीच्या सुरात म्हणाले, "एक फांदी दे तुज्या तगरीची. जाड बघून. आता नको, आता ऊन हाय. येणार कधी, ते सांग."

"उद्या," मी म्हटलं. "सकाळी."

त्यांनी हजेरीबाबूची ती नजर टाकली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि माझी फर्स्ट शिफ्ट होती. मी कारखान्यात फोन करून सांगितलं की घरचं काम आहे. आजीला मारलं नाही.

सकाळी फांदी घेऊन गेलो तेव्हा नानांनी मोगरा आणि अनंताच्या मधे खड्डा करून ठेवला होता. लावायला मात्र ते हात लावीनात. "तू लाव," म्हणाले. मी लावली, माती दाबली, पाणी घातलं. ते पडवीत जाऊन वहीत लिहायला लागले. मी हात धुवायच्या निमित्तानं डोकावलो. माझ्या नावापुढचं 'भरवसा नाय' तसंच होतं, त्यात काही बदल नाही. खाली नवी ओळ होती. तगर, सुली. आणि येण्याच्या दिवसांच्या रकान्यात, तिथे नाना एरवी तारखा लिहितात, 'कधी पन.'